चिठ्ठी नको, चेहरा पुरे

३ फेब्रुवारी, मंगळवार

आठ दिवस राहणार. जास्तीत जास्त दहा. आधीच लिहून ठेवतो, म्हणजे नंतर मलाच पलटता यायचं नाही.

जहाजावरच्या कँटीनची नोकरी सोडली (खरं तर त्यांनी सोडवली). त्याआधीची छापखान्यातली मीच सोडली. त्याआधी काय करत होतो ते सांगायला बसलो तर वही संपेल. आज गाडी बदलताना सॅकची चेन फाटली आणि माझे सगळे कपडे फलाटावर पसरले. एक बाई मोजे गोळा करून देत म्हणाल्या, "सगळे एकेकटेच आहेत हो." म्हटलं, आपले मामा इथून तीन स्टॉपवर बॅगा दुरुस्त करत बसलेत आणि आपण सुतळी बांधून कुठे फिरणार?

दुकान तसंच आहे. मधोमध उभं राहून दोन्ही हात पसरले की भिंतींना लागतात. फळ्या छतापर्यंत, त्यांवर बॅगा. पुढे काउंटरवर मामा, मागे शिलाई मशीनवर मामी, वर जिना चढला की घर.

सहा वर्षांनी आलो होतो. सॅक काउंटरवर ठेवली. मामांनी चष्म्यातून माझ्याकडे बघितलं, मग सॅककडे, मग परत माझ्याकडे. अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "काळी, दोन कप्प्यांची, रनर गेलेला. गुरुवारी मिळेल."

"मामा, पुरे की मस्करी."

मागून मामी ओरडली, "अहो, ताईंचा धाकटा आलाय! कसला सुटलाय बघा."

मग मामा खो खो हसले. "अरे भाचेबुवा! ओळखलं होतं रे, ओळखलं होतं."

मामांना पहिल्यापासून दुसऱ्याची फिरकी घ्यायची हौस.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सॅक झाली नाही. विचारलं तर मामा म्हणाले, "गुरुवारी." म्हटलं, आज गुरुवारच आहे. तर म्हणाले, "मग पुढच्या."

दिवसभरात गिऱ्हाईक आलं दोन. त्यातलं एक पत्ता विचारायला. कोपऱ्यावरच्या नव्या मोठ्या इमारतीत बॅगदुरुस्तीचं काउंटर झालंय, काचेचं, घरून बॅग नेऊन घरी आणून देतात. सगळं फोनवर. मी उत्सुकतेने नकाशात आपलं दुकान शोधलं. नाहीच! एका बाजूला चष्मेवाला दिसतो, दुसऱ्या बाजूला औषधांचं दुकान, आणि मध्ये नुसतीच भिंत असावी तसं कोरं. तीस वर्षं माणूस भिंतीत बसलाय.

मला या विषयातलं थोडं कळतं. कँटीनमध्ये असताना एका सरांचा फुकटचा ऑनलाइन कोर्स केला होता, 'छोटा धंदा, मोठी ओळख'. निम्माच झाला, कारण मध्येच मी त्याच फोनवर कासवांचे व्हिडिओ बघायला लागलो. पण निम्म्यात जे कळलं ते असं: लोक आता दुकानाचं नाव शोधत नाहीत, 'माझ्या जवळचं' असं शोधतात. नकाशात नसलात तर तुम्ही जवळ असून लांब.

संध्याकाळी बसून नोंद केली. प्रकार निवडताना 'बॅगदुरुस्ती' सापडेना. 'सामान सेवा' टाकलं. फळ्यांचे फोटो चढवले.

मामा म्हणाले, "मला शोधायचंय कशाला लोकांनी? मी इथेच तर आहे."

मामी मशीन थांबवून म्हणाली, "गिऱ्हाईक थोडं असू दे रे. हे रोज खाली येऊन इथे बसतात ना, तेवढं चालू राहिलं की मला दुसरं काही नको."

हीच ती वृत्ती. सरांनी तिसऱ्या भागात तिच्यावरच वीस मिनिटं घेतली होती.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज सुचलं! आधी दुकानाची पद्धत लिहितो.

मामा चिठ्ठी देत नाहीत. पावती नाही, नंबर नाही, बॅगेला कागद चिकटवणं नाही. माणूस बॅग ठेवून जातो, पंधरा दिवसांनी नुसता दारात उभा राहतो, आणि मामा उठून पन्नास बॅगांतून त्याची बरोबर काढतात. विचारलं तर म्हणतात, "चिठ्ठी हरवते. चेहरा कुठे हरवतोय?"

आज मुद्दाम नीट बघत बसलो. दवाखान्यातल्या नर्सबाई आल्या. मामा उठले, फळीवरच्या तीन-चार बॅगांच्या आतल्या कप्प्यात दोन बोटं घातली, वैद्याने नाडी बघावी तशी. एकीपाशी थांबले, नखाने आत काहीतरी तोडलं आणि बॅग पुढे. "तुमची." बरोबर! अंगावर काटा आला. हे काचेच्या काउंटरवाल्यांना जमेल?

फक्त मामीची एक सवय मध्ये येते. गिऱ्हाईक दारात आलं रे आलं की तिला नेमकं तेव्हाच रीळ हवं असतं. "अहो, ते राखाडी रीळ द्या बरं इकडे." रिळांचा खण मामांच्या काउंटरखाली. मामा वाकणार, शोधणार, देणार, मगच गिऱ्हाइकाकडे बघणार. एकट्या निळ्याच्या अकरा छटा आहेत तिच्याकडे, मशीनजवळ एका पुठ्ठ्यावर रंगांची यादीच करून ठेवलीय. आणि रोज सकाळी मी जिना उतरलो की पिवळं. "अहो, ते पिवळं रीळ द्या." मामा देतात आणि मग म्हणतात, "अरे भाचेबुवा, उठलास का?" आठवडा झाला, पण पिवळं काही शिवलेलं मी तरी बघितलं नाही. म्हातारपणी माणसं अशीच काहीतरी धरून बसतात.

पण सुचलं ते असं. सर म्हणायचे, वस्तू विकू नका, कथा विका. कथा समोरच बसलीय की! घोषवाक्यसुद्धा तयार: चिठ्ठी नको, चेहरा पुरे.

१४ फेब्रुवारी, शनिवार

चौदा सेकंदांचा व्हिडिओ करायला चार दिवस लागले. पहिल्या तीन सेकंदांत माणूस थांबला पाहिजे, नाहीतर अंगठ्याने उडवून पुढे जातो. म्हणून सुरुवातीलाच मामांची नाडीवाली बोटं घेतली. मागून मामीचं "अहो, ते मोरपंखी..." येत होतंच. आवाज पुसला आणि सध्या सगळीकडे वाजणारं एक संगीत टाकलं.

काल सकाळी टाकला. दुपारपर्यंत एकशेवीस जणांनी बघितला, त्यातला मी साधारण तीस वेळा. संध्याकाळी कुठल्याशा बाईने तो पुढे पाठवला आणि आज सकाळी उठतो तर साठ हजार! खाली लोक लिहितायत: असा माणूस आता मिळायचा नाही. आमच्याकडे तर मुलगा आईला ओळखत नाही. वगैरे.

मामांना दाखवला. चौदा सेकंदांचा व्हिडिओ त्यांनी सहा वेळा बघितला. मग म्हणाले, "हा माणूस हुशार दिसतोय."

मी आणि चष्मेवाला हसून हसून वेडे झालो. मामी हसली नाही. तिला विनोद जरा कमीच कळतो.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

दमलो. पण काम वाढलंय. दारात रांग असते. निम्मे लोक बॅग दुरुस्त करायला येतात, निम्मे मामांची परीक्षा घ्यायला. एकजण सकाळी बॅग देऊन दुपारी टोपी घालून आला, ओळखतात का बघायला. मामीने लगेच तपकिरी रीळ मागितलं, मामांनी बॅग काढून दिली. टोपीवाल्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

गर्दीत मामी सारखी रीळ मागते, मामा सारखे वाकतात. मला बघवेना. म्हणून मी दुपारी फळकुटं आणून, खिळे ठोकून मामीच्या मशीनशेजारी भिंतीवर छान मांडणी केली आणि सगळी रिळं रंगवार लावून टाकली. आता हात लांबवला की रीळ. सर याला म्हणायचे, कामातला अडथळा काढा.

मामी बाहेरून आली आणि दारातच उभी राहिली. "हे कोणी सांगितलं होतं तुला?"

"कोणी कशाला सांगायला पाहिजे? मामांचा त्रास वाचला."

"काढ ते. रिळं परत खणात ठेव."

"अगं मामी, खिळे ठोकलेत. आणि खणात मी आता बॅटऱ्या ठेवल्यात."

तिने हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "बस जरा इथे, तुला एक सांगायचंय." मी बसलो, तेवढ्यात फोन वाजला. एका बाईंना त्यांच्या पानावर मामांची मुलाखत हवी होती. बोलून परत आलो तर मामीचं गिऱ्हाईक चालू होतं. राहिलंच.

(सॅक अजून फळीवरच आहे. आज परत गुरुवार.)

२३ फेब्रुवारी, सोमवार

दुकानाच्या नोंदीवर पहिला एक तारा. "दुसऱ्याची बॅग दिली. सांगितलं तर म्हणाले हीच तुमची. एवढी जाहिरात कशाला करता?"

लगेच दुसरा. "बॅग ठेवलेलीच आठवत नाही म्हणतात."

हे काचेच्या काउंटरवाल्यांचं काम, सरळ आहे. माणसं लावून लिहून घेतायत. मी दोघांनाही चांगलं सडेतोड उत्तर दिलं. सर म्हणायचे, वाईट अभिप्रायाला चोवीस तासांत आणि नम्रपणे उत्तर द्या. चोवीस तासांत दिलं.

मामांना नवीन मस्करी सापडलीय. सकाळी मी खाली उतरलो की म्हणतात, "या, बसा. काय आणलंय?" अगदी अहो-जाहो. मी पण म्हणतो, "साहेब, माझं डोकं फुटलंय, शिवून मिळेल का?" मामा विचार करून म्हणाले, "गुरुवारी."

मामी मशीनवरून बघत होती. हातात पिवळं रीळ होतं. उगाचच वर धरल्यासारखं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

रोज काहीतरी टाकावं लागतं. एक दिवस टाकलं नाही की बघणारे निम्मे होतात, म्हणून येईल त्या गिऱ्हाइकाचा बॅग ठेवतानाचा छोटा व्हिडिओ घेऊन ठेवतो. भुकेलं जनावर पाळल्यासारखं झालंय. सकाळी उठून आधी त्याला घालायचं, मग आपण चहा घ्यायचा. कासवं किती बरी. एका कासवाबद्दल वाचलं होतं की ते आठ महिने काहीही न खाता... जाऊ दे.

अजून चार एक-तारे. मामा संध्याकाळी लवकर वर गेले. म्हणाले, "आज फार नवीन लोक होते." नवीन नव्हते. चौघं तर परत आलेले होते, भांडायला.

२८ फेब्रुवारी, शनिवार

मोठा निर्णय. उद्या थेट प्रक्षेपण! दहा गिऱ्हाइकं रांगेत, मामा एकेकाची बॅग काढून देणार, सगळं लोकांसमोर. एक-तारेवाल्यांची तोंडं कायमची बंद. मामा तयार आहेत. केस कापून आले, निळा शर्ट स्वतः इस्त्री केला. मी इतका ताठ बसलेला माणूस बघितला नाही.

मामीने पुन्हा बसवून म्हटलं, "उद्याचं रद्द कर."

"का पण?"

तिने मामांकडे बघितलं. मामा आरशात भांग पाडत होते. "काही नाही," म्हणाली. "मी सांगते म्हणून."

हे काय कारण झालं?

दुपारी दुकान चकाचक केलं. कॅमेऱ्यात सगळं दिसतं. फळ्या पुसल्या, प्रत्येक बॅग उघडून झटकली. प्रत्येकीच्या आतल्या कप्प्यात दोऱ्याचं एक टोक लोंबत होतं, कुठे हिरवं, कुठे किरमिजी. मामीची शिवण एवढी पक्की, पण टोकं कापायचा कंटाळा. बोटं घातली की ते कॅमेऱ्यात येणार. कात्री घेऊन बसलो आणि बेचाळीसच्या बेचाळीस बॅगांची टोकं साफ करून टाकली. पाठ मोडून आली. पण छान दिसतंय.

१ मार्च, रविवार

लिहायचं नव्हतं. लिहितो.

सुरुवातीलाच चार हजार लोक बघत होते. पहिल्या नर्सबाई, या वेळी दुसरी बॅग न्यायला. मामी मशीनवरून मोठ्याने म्हणाली, "अहो, ते राखाडी रीळ द्या."

मामांनी खण उघडला. आत बॅटऱ्या. "रिळं तर तुझ्याकडेच आहेत गं." लोक हसले.

मग मामी स्वतः उठली. गुडघा धरत, रांगेतून वाट काढत पुढे आली आणि राखाडी रीळ मामांच्या डोळ्यांसमोर धरलं. मी हाताने खुणावत होतो, चौकटीतून बाहेर हो म्हणून. मामांनी रीळ बघितलं, मान हलवली. फळीकडे गेले. पहिल्या बॅगेत बोटं घातली. दुसऱ्या. तिसऱ्या. सातव्या बॅगेपर्यंत तसंच. मग त्यांनी प्रत्येक बॅग उघडून आत बघायला सुरुवात केली, तोंड आत घालून, जसं काही आत खूप अंधार आहे. एक काढून पुढे केली.

"ही माझी नाही हो," नर्सबाई हळूच म्हणाल्या.

दुसऱ्याचीही चुकली. तिसऱ्या, शाळेतल्या एक बाई. त्यांनी मामांनी दिलेली बॅग नुसती घेतली, "धन्यवाद" म्हणाल्या आणि बाजूला उभ्या राहिल्या. त्यांचीही नव्हती, मला माहीत होतं. चौथा माणूस म्हणाला, "काका, व्हिडिओत तर फार हुशार होता की."

मामी माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "बंद कर."

पण मला वाटलं, मामा सावरतील. आणि खरंच मामा वळले, सरळ माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही मघापासून उभे आहात. तुमची कोणती?"

सगळं दुकान हसलं. वाटलं, बघा, शेवटी फिरकी घेतलीच. मी पण हसलो.

मग दिसलं की मामा हसत नव्हते. उत्तराची वाट बघत होते.

३ मार्च, मंगळवार

दुकान बंद. व्हिडिओ काढून टाकला, पण त्याचे तुकडे लोकांनी ठेवलेत. एका तुकड्यावर तेच संगीत घातलंय, माझंच.

मामा वर खिडकीपाशी बसलेत. दर थोड्या वेळाने विचारतात, "आज दुकान का बंद?" मामी दर वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखं सांगते, "आज सुट्टी." काल दुपारी त्यांनी तिला विचारलं, "तुमची कोणती?"

ती स्वयंपाकघरात गेली. नळ सोडून ठेवला होता, बराच वेळ.

४ मार्च, बुधवार

मामीने आज बसवून सांगितलं. या वेळी फोन तिने आधीच स्वतःच्या मांडीखाली ठेवला.

"दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "आधी नावं गेली. मग चेहरे जायला लागले. रंग नाही गेले. तीस वर्षं दोऱ्याला दोरा जुळवलेला माणूस, रंग हातात बसलेत त्यांच्या. डॉक्टर म्हणाले, रोजचं काम चालू आहे तोवर चालू ठेवा. एकदा घरात बसले की भरभर जाईल सगळं. मग काय करणार? बॅग आली की मी आत एक दोरा बांधायचे. तोच दोरा माझ्या तक्त्यावर चिकटवायचे, पुढे कोण ते लिहायचे. माणूस परत दारात आला की मी ते रीळ मागायचे."

मी खाली बघत होतो.

"त्यांना माहीत होतं?"

"आम्ही यावर कधी बोललोच नाही. मी रीळ मागायचे, ते द्यायचे. एवढंच."

"आणि मी टोकं..."

"हो."

"मामी, तू मला ओरडून का नाही सांगितलंस?"

"ओरडून? त्यांच्यासमोर?" मग म्हणाली, "दोनदा बसवलं तुला. ताईंसारखाच तू. ऐकायला बसतोस आणि कान घेऊन उठून जातोस."

त्यावर आम्ही दोघंही थोडं हसलो. हसायला नको होतं, पण दुसरं काय करणार?

६ मार्च, शुक्रवार

काल आणि आज, बेचाळीस बॅगा. मामी तक्ता घेऊन बसली, मी फोन. तक्ता म्हणजे तो मशीनजवळचा पुठ्ठा, ज्याला मी रंगांची यादी समजत होतो. प्रत्येक दोऱ्यापुढे बारीक अक्षरात माणूस: नर्सबाई, डाव्या हाताने लिहितात. शाळेतल्या बाई, हळू बोलतात. लंगडा टपालवाला.

पण कुठला दोरा कुठल्या बॅगेत होता ते तक्त्यावर नाही, आणि गर्दीच्या दिवसांत मामीचंही लक्ष पुरलं नव्हतं. तिथे माझ्या त्या रोजच्या भुकेल्या जनावराचा उपयोग झाला. फोनमध्ये सगळे होते, बॅग हातात घेऊन दारातून आत येताना. मी थांबवून दाखवायचो, "ही लाल, चाकाची, कोणाची?" मामी चष्मा वर करून, "अगं बाई, ही तर त्या बँकेतल्याची." मग मी दोरा ओवायचो, ती गाठ मारायची. पन्नास हजारांनी बघितलेले व्हिडिओ, आणि जिला ते खरंच बघायला हवे होते ती ही एकटी.

मांडणी उखडली. भिंतीला भोकं पडलीत. रिळं खणात गेली.

नकाशातल्या नोंदीवरून घोषवाक्य काढलं. तिथे काय लिहावं सुचेना. मामीला विचारलं. ती म्हणाली, "लिही, वेळ लागतो." तेवढंच लिहिलं. एक-तारेवाल्यांना एकेकाला पुन्हा लिहिलं, चूक आमची, बॅग आणून देतो. सहा ठिकाणी स्वतः पोचवून आलो. पायांचे तुकडे पडलेत. चौघांनी दार उघडून घेतली, एकाने दार आपटलं, आणि शाळेतल्या बाईंनी पाणी दिलं आणि विचारलं, "कसे आहेत ते?"

८ मार्च, रविवार

काल दुकान उघडलं. मामा उतरून नेहमीच्या जागी बसले, काउंटरवरून हात फिरवला, जसं काही मध्ये कोणी ते हलवलं होतं का बघत होते. दिवसभरात तीनच माणसं आली. मामीने तीन रिळं मागितली. तीन बॅगा बरोबर गेल्या. तिसऱ्या शाळेतल्या बाई, छत्री शिवायला घेऊन. आता छत्रीलाही आत दोरा.

रात्रीपर्यंत त्यांनी नोंदीवर लिहिलं होतं: "चार तारे. उशीर होतो. शिवण पक्की." एक तारा कापला ते बरं केलं. पाच दिले असते तर खोटं वाटलं असतं.

आज दुपारी मामी झोपली होती. तक्ता सरळ करताना मधल्याच एका ओळीकडे लक्ष गेलं. पिवळा दोरा. चिकटवून बरेच दिवस झालेले, टोक कुरतडलेलं. पुढे लिहिलंय: ताईंचा धाकटा. आपला. राहायला आलाय.

तारीख ३ फेब्रुवारी.

मी खूप वेळ जिन्यावर बसलो होतो. नंतर कधीतरी चष्मेवाला दारात आला. म्हणाला, "काय रे, एवढं काय झालं?" म्हटलं, काही नाही, पाय दुखतायत. खोटं नव्हतं तसं.

९ मार्च, सोमवार

सकाळी मामी गुडघा दाखवायला दवाखान्यात गेली. मी उठून खाली आलो तेव्हा मामांनी दुकान उघडलं होतं. एकटेच. ऊन काउंटरच्या निम्म्यापर्यंत आलं होतं.

माझ्याकडे बघून अदबीने म्हणाले, "या, बसा. काय आणलंय?"

मी शेवटच्या पायरीवरच थांबलो.

"मामा," म्हटलं, "ते पिवळं रीळ द्या जरा."

त्यांनी खण उघडला. आत पिवळी चार आहेत, मी काल मोजली. बोटं दोन रिळांवरून गेली, तिसऱ्यावर थांबली. तेच. रीळ उजेडात धरलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि चेहरा असा उघडला जसं कोणी आतून दार उघडावं.

"अरे भाचेबुवा! उठलास का? चहा झाला?"

"घेतो आता."

"तुझी सॅक झालीय बघ. कधीची." उठले, वरच्या फळीवरून काढली. काळी, दोन कप्प्यांची. चेन या टोकापासून त्या टोकापर्यंत लोण्यासारखी गेली. मग सवयीने दोन बोटं आतल्या कप्प्यात घातली आणि मामीने माझ्या नकळत परत बांधलेला पिवळा दोरा तोडायला नख पुढे केलं.

"राहू द्या मामा," मी म्हटलं. सॅक त्यांच्या हातून घेतली आणि परत फळीवर ठेवली.

"मग? नेणार कधी?"

"गुरुवारी," मी म्हटलं.